दोन मॉनिटर, एक लॅपटॉप: आधी पोर्ट बघा, मग प्रोसेसर

प्रश्न असा आहे. नाशिकला घरून काम करणाऱ्या एक जावा डेव्हलपर विचारतात: "२०२० मध्ये घेतलेला पंधरा इंची लॅपटॉप आहे. दहाव्या पिढीचा आय५-१०३५जी१, ८ जीबी रॅम. २४ इंची फुल एचडी मॉनिटर दोन आहेत. एक एचडीएमआयवर चालतो. दुसरा टाइप-सीला कन्व्हर्टर लावून जोडला की 'नो सिग्नल' येतं. काम स्प्रिंग बूट, डॉकर, रिअ‍ॅक्टचं, अधूनमधून अँड्रॉइड एम्युलेटर. पुढे एक २७ इंची फोर-के मॉनिटर घ्यायचा विचार आहे. बजेट ९० हजार. जुना एम१ मॅकबुक एअर घेऊ, आरटीएक्सवाला गेमिंग लॅपटॉप घेऊ, की आहे त्यालाच रॅम वाढवू?"

मी पुण्यात सतरा-अठरा वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय. त्यातली आठेक वर्षं आमच्या टीमची टेबलं लावायचं कामही माझ्याकडे आहे: कोणाला कुठला लॅपटॉप, कुठला डॉक (एका केबलवर मॉनिटर, चार्जिंग, नेट जोडणारी पेटी), किती मॉनिटर. त्या अनुभवातून सांगतो. तुमच्या तीन पर्यायांपैकी पहिले दोन तुमच्या कामाला बसत नाहीत. तिसरा बसतो, पण अर्धाच. चौथा एक पर्याय आहे, त्याकडे शेवटी येतो. आधी तुमचा दुसरा मॉनिटर का लागत नाही ते समजून घेऊ, कारण ते कळलं नाही तर ९० हजार खर्चूनही हीच अडचण नव्या लॅपटॉपवर उभी राहील.

टाइप-सी हे भोकाच्या आकाराचं नाव आहे. आत काय काय जोडलंय ते त्या नावावरून कळत नाही. एकाच आकाराच्या भोकातून एका लॅपटॉपवर चार्जिंग, डेटा आणि चित्र तिन्ही चालतं, दुसऱ्यावर फक्त डेटा. चित्र बाहेर यायचं असेल तर कंपनीने ग्राफिक्सच्या तारा त्या पोर्टापर्यंत ओढलेल्या असाव्या लागतात. या सोयीला डिस्प्लेपोर्ट अल्टरनेट मोड म्हणतात. तुमच्या प्रोसेसरची चिप एकाच वेळी तीन स्क्रीन चालवू शकते, ती कमी पडलेली नाही. त्या पिढीच्या बऱ्याच स्वस्त लॅपटॉपांत टाइप-सीला डेटाच्या ताराच दिलेल्या होत्या, आणि लक्षणं बघता तुमचा त्यातलाच दिसतो. कन्व्हर्टर बदलून, ड्रायव्हर टाकून, बायोस अपडेट करून तिथे चित्र येणार नाही. तुम्ही आधीच दोन कन्व्हर्टर घेऊन बसला असाल तर तिसरा घेऊ नका.

पोर्टाशेजारी डी आणि पी ही अक्षरं एकमेकांत गुंफलेलं चिन्ह असेल तर चित्र येतं. विजेचा बाण असेल तर थंडरबोल्ट आहे, म्हणजे चित्र येतंच. नुसतं यूएसबीचं त्रिशूळ असेल किंवा काहीच नसेल तर खात्री नाही, कारण काही कंपन्या सोय देऊनही चिन्ह छापत नाहीत. अशा वेळी लॅपटॉप उलटा करून खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक घ्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावरचा तांत्रिक तक्ता वाचा. विक्रीच्या पानावर 'टाइप-सी पोर्ट' एवढंच लिहितात. तक्त्यात 'डिस्प्लेपोर्ट १.४' हे शब्द दिसले तरच पुढे जायचं.

आता चित्र येतं असं धरू. पुढचा प्रश्न, किती येतं. इथे मी जरा थांबणार आहे, कारण लोकांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जाताना मी पाहिलेत.

टाइप-सीच्या केबलमध्ये वेगवान तारांच्या चार जोड्या असतात. चौपदरी रस्ता समजा. सगळे चार पदर चित्राला दिले तर यूएसबीच्या वाट्याला जुना, हळू यूएसबी २ चा रस्ता उरतो. माउस-कीबोर्डला तो पुरतो, पेन ड्राइव्ह किंवा वेगवान नेटवर्कला नाही. म्हणून बहुतेक हब, म्हणजे एका टाइप-सीतून अनेक पोर्ट काढणारे छोटे डबे, दोन पदर चित्राला आणि दोन यूएसबी ३ ला देतात. हबच्या खोक्यावर हे कुठेच लिहिलेलं नसतं.

हिशेब करू. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला ६० वेळा. हे जवळजवळ १२ गिगाबिट होतात, आणि ओळींमधल्या मोकळ्या जागेसकट साडेबारा. फुल एचडीला हाच आकडा जेमतेम साडेतीनपर्यंत जातो. आता रस्ता बघा. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या प्रत्येक पदरावर ५.४ गिगाबिट, त्यातले वीस टक्के संकेतनात जातात. म्हणजे दोन पदरांवर हातात उरतात ८.६४. डिस्प्लेपोर्ट १.४ वर पदराला ८.१, दोन पदरांवर हातात १२.९६.

फोर-केला साडेबारा हवेत. ८.६४ मध्ये ते बसत नाहीत, म्हणून लॅपटॉप मुकाट्याने सेकंदाला ३० चित्रांवर उतरतो. १२.९६ मध्ये बसतात, पण अगदी कडेकडेने. तुमचे दोन फुल एचडी मिळून सात होतात, ते ८.६४ मध्येही आरामात जातात.

हे मी कागदावर शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी बाणेरच्या एका खोलीत आम्ही पाच टेबलं लावली. पाच २७ इंची फोर-के मॉनिटर, पाच एकसारखे हब. चित्र सुंदर आलं, सगळे खूश. तिसऱ्या दिवशी दोघंजण म्हणाले, डोकं दुखतंय. एकीने सांगितलं, "माउस ओढल्यासारखा वाटतो, खिडकी सरकवली की मागे राहते." मी तिच्या खुर्चीत बसलो, एडिटरमध्ये लांबलचक लॉग उघडला आणि चाक फिरवलं. अक्षरं वाहत नव्हती, टप्प्याटप्प्याने उडत होती. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे गेलो. रिफ्रेश रेट ३० हर्ट्झ, आणि यादीत ६० चा पर्यायच नाही. हब काढला, मॉनिटरला टाइप-सी टू डिस्प्लेपोर्टची सरळ केबल लावली. तोच लॅपटॉप, तोच मॉनिटर, लगेच ६०. हब चार पदरांपैकी दोनच चित्राला देत होता. तेव्हापासून नवं टेबल लागलं की चहाआधी मी ते एक पान उघडून बघतो. दिवसभर मजकूर वाचणाऱ्या माणसाला ३० हर्ट्झवर बसवणं मला पटत नाही. डोळ्यांना होणारा त्रास खरा असतो, आणि त्याचं कारण सेटिंगमध्ये आहे हे त्या माणसाला कधी कळतही नाही.

म्हणून दोन फुल एचडीसाठी साधा हब ठीक आहे. पण तुमच्या मनात फोर-के आहे, तेव्हा लॅपटॉप घेतानाच थंडरबोल्ट ४ बघा. २०२० मध्ये आलेल्या या मानकात एक अट घातलेली आहे: एका पोर्टावरून दोन फोर-के स्क्रीन ६० हर्ट्झवर चालल्याच पाहिजेत. थंडरबोल्ट ३ मध्ये किमान अट एकाच फोर-केची होती. रस्ता ४० गिगाबिटचा असल्याने पदरांची वाटावाटी करत बसावं लागत नाही. यूएसबी४ लिहिलेलं असेल तरी तक्ता वाचा, कारण त्यात बऱ्याच गोष्टी ऐच्छिक आहेत.

केबलचंही तसंच आहे. मोबाइलच्या खोक्यात आलेली टाइप-सी केबल बहुधा चार्जिंग आणि यूएसबी २ पुरतीच असते, तिच्यातून चित्र येत नाही. जाड आहे, महाग आहे, शंभर वॉट लिहिलंय, यावरून काही ठरत नाही. आणखी एक बारीक गोष्ट: डिस्प्लेपोर्ट टू एचडीएमआय केबल एकाच दिशेने चालते. लॅपटॉपच्या बाजूला डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरच्या बाजूला एचडीएमआय. उलटी लावली की काळा पडदा, आणि लोक मॉनिटर बिघडला समजून दुकानात घेऊन जातात.

आता एम१ एअर. यंत्र म्हणून ते मला मनापासून आवडतं. पंखा नाही, बॅटरी दिवसभर टिकते, इतक्या वर्षांनीही जावाचा बिल्ड (कोडपासून चालता प्रोग्राम बांधणं) झपाट्याने करतं. पण एम१ आणि एम२ च्या एअरवर बाहेरचा एकच मॉनिटर चालतो. ही मर्यादा चिपमध्येच आहे. एम३ च्या एअरवर दोन चालतात, पण लॅपटॉपचं झाकण मिटलं तरच. एम४ पासून झाकण उघडं ठेवूनही दोन चालतात. एम४ एअर मार्च २०२५ मध्ये भारतात ९९,९०० रुपयांपासून आला, १६ जीबी मेमरीसह. म्हणजे तुमच्या बजेटच्या थोडा वर, आणि तरीही बाहेरचे दोनच. तुमचा तिसरा फोर-के त्यावर सरळ लागणार नाही.

मॅकच्या बाबतीत आणखी एका गोष्टीवर लोक फसतात. एका डिस्प्लेपोर्ट रस्त्यावरून दोन वेगळी चित्रं पाठवण्याची एमएसटी नावाची पद्धत आहे. विंडोजवर दोन एचडीएमआयवाला साधा हब याच पद्धतीने दोन वेगळ्या स्क्रीन देतो. मॅकओएस हे करत नाही. तोच हब मॅकला लावला की दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दिसतं. हब सदोष नसतो, तो परत करून दुसरा आणला तरी तेच होतं.

यावर तोडगा म्हणून डिस्प्लेलिंकचे अ‍ॅडॉप्टर आणि डॉक मिळतात. त्यात लॅपटॉप चित्र सॉफ्टवेअरने दाबून साध्या यूएसबी डेटासारखं पाठवतो, आणि अ‍ॅडॉप्टरमधली चिप ते उलगडून मॉनिटरला देते. चिपच्या मर्यादेला असा वळसा घालता येतो, आणि टाइप-सीमध्ये ग्राफिक्सच्या तारा नसल्या तरी काम भागतं. कोड, लॉग, कागदपत्रं यांना ते चांगलं पुरतं. व्हिडिओ आणि वेगाने सरकणारी चित्रं यांना नाही, आणि प्रोसेसरचा थोडा वाटा त्यात सतत अडकतो. मॅकवर त्याला स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते, त्यामुळे काही ऑफिसांचे सुरक्षा नियम आडवे येतात. संरक्षित व्हिडिओ काळे दिसतात. लिनक्सवर त्याचं कर्नल मॉड्यूल वेगळं बसवावं लागतं आणि कर्नल बदललं की पुन्हा बांधलं गेलंय ना हे पाहावं लागतं. मी ते तात्पुरती सोय म्हणून सुचवतो. मुद्दाम नवा लॅपटॉप घेऊन त्याच्यावर विसंबावं असं ते नाही.

गेमिंग लॅपटॉपबद्दल. तुमच्या कामात वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला करण्यासारखं जवळजवळ काही नाही. कोडच्या दोन-तीन स्क्रीन इंटेल किंवा एएमडीच्या अंगभूत ग्राफिक्सवर सहज चालतात. उलट, अशा पुष्कळ लॅपटॉपांत एचडीएमआय पोर्ट थेट त्या मोठ्या कार्डाला जोडलेला असतो. मॉनिटर लावला की कार्ड कायम जागं राहतं, पंखा फिरत राहतो, तळहाताखाली ऊब लागते. वर सांगितलेल्या अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेच्या पानावर प्रत्येक स्क्रीन कोणत्या ग्राफिक्सला जोडलेली आहे तेही दिसतं, दुकानात एकदा पाहून घ्या. शिवाय चार्जर दोनशे वॉटच्या आसपासचा, त्यामुळे डॉकच्या एकाच केबलने चार्जिंग आणि चित्र दोन्ही होण्याचं सुख नाही. तुम्ही मशीन लर्निंगची मॉडेलं घरी शिकवणार असाल तर गोष्ट वेगळी. तसं तुम्ही लिहिलेलं नाही.

मेमरीकडे येऊ. तुमचं खरं दुखणं मॉनिटरइतकंच हेही आहे, आणि ते मोजता येतं. नेहमीसारखं काम सुरू करा: एडिटर, डॉकरचे सगळे कंटेनर (वेगवेगळ्या डब्यांत चालणारे डेटाबेससारखे प्रोग्राम), ब्राउझरचे टॅब, मीटिंग, एम्युलेटर (स्क्रीनवर चालणारा नकली फोन). मग टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर 'कमिटेड' हा आकडा बघा. 'इन यूज' बघून उपयोग नाही, कारण तो तुमच्याकडे असलेल्या रॅमच्या वर जाऊच शकत नाही. कमिटेड म्हणजे सगळ्या प्रोग्रामांनी मिळून मागितलेली मेमरी. माझ्या यंत्रावर कामाच्या दुपारी इंटेलिजे हा जावाचा एडिटर चार जीबीच्या आसपास असतो, कंटेनर सहा, ब्राउझर चार, एम्युलेटर उघडला की आणखी तीन-चार. विंडोज स्वतः वेगळं. बेरीज विशीच्या घरात जाते. तुमचंही काम याच जातीचं आहे, तेव्हा १६ जीबी ही किमान पायरी आणि ३२ ही योग्य जागा. ८ वर तुम्ही इतके दिवस डॉकर चालवलात याचं मला खरंच कौतुक वाटतं.

विंडोजवर डॉकर डब्ल्यूएसएल २ मध्ये, म्हणजे विंडोजच्या पोटात चालणाऱ्या लिनक्समध्ये चालतो, आणि तो मुळातच यंत्राच्या निम्म्या मेमरीपर्यंत वाढू शकतो. म्हणजे तुमच्याकडे ४ जीबी तिकडे आणि उरलेल्या ४ मध्ये बाकी सगळं. डब्ल्यूएसएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये ही मर्यादा स्वतः ठरवता येते. आणि प्रोजेक्टच्या फायली सी ड्राइव्हवर न ठेवता लिनक्सच्या बाजूला ठेवा. सी ड्राइव्हवरच्या फायली लिनक्सकडून वाचताना प्रत्येक वेळी सीमा ओलांडावी लागते. रिअ‍ॅक्टच्या प्रोजेक्टात नोड मॉड्यूल्सच्या हजारो बारीक फायली असतात, तिथे हा फरक लगेच जाणवतो. हे दोन बदल फुकट आहेत. आजच करा.

नवीन लॅपटॉप घेताना रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे की खाचेत बसवलेली, हे विचारायलाच हवं. पातळ लॅपटॉपांत ती बहुधा सोल्डर केलेली असते. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेत तर मेमरी प्रोसेसरच्या पॅकेजमध्येच असते, जास्तीत जास्त ३२, नंतर वाढत नाही. सोल्डर असेल तर पहिल्याच दिवशी ३२ घ्या. खाचा असतील तर १६ वर सुरुवात चालेल. दोन्ही खाचांत सारख्या पट्ट्या बसवल्या तर अंगभूत ग्राफिक्सला मेमरीचा रस्ता दुप्पट रुंद मिळतो. तीन मॉनिटर लावणाऱ्याने हे जरूर करावं.

प्रोसेसरवर मी फार वेळ घालवत नाही. आय५, आय७ या आकड्यांवर जाऊ नका, शेवटचं अक्षर वाचा. एकाच बाराव्या पिढीतला आय७-१२५५यू दहा कोअरचा, त्यातले मोठे दोनच. आय५-१२४०पी बारा कोअरचा, त्यात मोठे चार. जावाच्या मावेन साधनाचा मोठा बिल्ड आय५ वर आधी संपेल, आणि दुकानात आय७ महाग मिळेल. यू म्हणजे वीज वाचवणारा, पी मधला, एच दणकट. तुमच्या कामाला पी किंवा एच. अकराव्या पिढीपासून इंटेलचं आयरिस एक्सई ग्राफिक्स एकूण चार स्क्रीन चालवतं. लॅपटॉपची स्वतःची एक, तुमचे दोन फुल एचडी आणि उद्याचा फोर-के. बरोबर चार.

आता तो चौथा पर्याय. ऑफिसांसाठी बनवलेले चौदा इंची लॅपटॉप, ज्यांची जाहिरात टीव्हीवर दिसत नाही: थिंकपॅड टी मालिका, डेल लॅटिट्यूड, एचपी एलिटबुक. नवे घेतले तर बजेटच्या कडेला लागतात, पण कंपन्यांच्या भाडेकरारातून सुटलेले दोन-तीन वर्षं वापरलेले बाजारात भरपूर येतात. बाराव्या पिढीतला इंटेलवाला थिंकपॅड टी१४ जेन ३, लॅटिट्यूड ५४३० आणि एलिटबुक ८४० जी९ या तिघांत प्रत्येकी दोन थंडरबोल्ट ४ पोर्ट आणि एक एचडीएमआय मिळतो. पहिल्यात काही रॅम सोल्डर आणि एक खाच, बाकी दोघांत दोन खाचा. कीबोर्ड दिवसभर टंकायला बनवलेला. बॅटरी, पंखा, कीबोर्ड सुटे मिळतात आणि स्क्रू काढून बदलता येतात. याच मालिकांतल्या एएमडीच्या मॉडेलांत पोर्ट वेगळे असू शकतात, तिथे तक्ता वाचूनच ठरवा. सातव्या किंवा त्याआधीच्या पिढीचा कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि त्या पिढ्या विंडोज ११ च्या यादीत जवळजवळ नाहीतच.

अशा लॅपटॉपवर डॉक नसतानाही तुमची मांडणी होते. एक फुल एचडी एचडीएमआयवर, दुसरा एका टाइप-सीवरून, फोर-के दुसऱ्या टाइप-सीवरून. अडचण एकच, दोन्ही टाइप-सी अडले की चार्जिंगला जागा नाही. म्हणून फोर-के घ्याल तेव्हा टाइप-सी इनपुट असलेला आणि ६५ किंवा ९० वॉट परत देणारा मॉनिटर बघा. तो मॉनिटरच लॅपटॉपला चार्ज करतो, एकच केबल. हबमधून चार्ज करत असाल तर हब स्वतःसाठी दहा-पंधरा वॉट राखतो हे ध्यानात घ्या. ४५ वॉटचा चार्जर लावला तर बिल्ड चालू असताना बॅटरी हळूहळू उतरत जाते.

वापरलेला लॅपटॉप घ्यायला मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा, पुण्यात या किंवा नाशिकमध्येच बघा, पण स्वतःची केबल आणि हब पिशवीत घेऊन जा. दुकानात मॉनिटर असतोच. दोन्ही टाइप-सी पोर्टांवर आळीपाळीने चित्र येतं का पाहा, कारण एक पोर्ट सैल झालेला असणं ही वापरलेल्या यंत्रांतली नेहमीची तक्रार आहे. तेच दोन्ही पोर्ट चार्ज करतात का पाहा. रिफ्रेश रेट वाचा. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजीचा बॅटरी अहवाल काढा. त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी येतात. शेवटी बायोसमध्ये जुन्या कंपनीचा पासवर्ड किंवा व्यवस्थापनाचं कुलूप राहिलेलं नाही ना, हे विक्रेत्याला तुमच्यासमोर उघडून दाखवायला सांगा. पंधरा मिनिटं लागतात. जो दुकानदार ही पंधरा मिनिटं देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

टेबलाबद्दल दोन शब्द. २४ इंची फुल एचडी आणि २७ इंची फोर-के यांच्या ठिपक्यांची दाटी फार वेगळी आहे, इंचाला ९२ विरुद्ध १६३. विंडोजवर फोर-केला १७५ टक्के स्केलिंग द्या, म्हणजे खिडकी एकीकडून दुसरीकडे नेली तरी अक्षर साधारण तेवढंच दिसतं. लिनक्स वापरत असाल तर वेलँड या नव्या स्क्रीन-व्यवस्थेवर जा. जुन्या एक्सऑर्गवर प्रत्येक स्क्रीनला वेगळं स्केलिंग देणं जिकिरीचं आहे. जुन्या दोनांपैकी एक मॉनिटर उभा करून लॉगला द्या, तुम्हाला त्याची सवय लागेल.

आणि वीज. महाराष्ट्रात घरून काम करायचं म्हणजे दुरुस्तीच्या दिवशी लाइट जाणार हे धरूनच चालायचं. लॅपटॉपला बॅटरी आहे, पण डॉक आणि मॉनिटर क्षणभर मिटले की सगळ्या खिडक्या लॅपटॉपच्या एका स्क्रीनवर गोळा होतात, आणि डॉकमधून नेट घेत असाल तर मीटिंगही तुटते. २४ इंची मॉनिटर वीस-पंचवीस वॉटच खातो. डॉक, राउटर आणि मॉनिटर एका छोट्या यूपीएसवर ठेवा. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याचा यूपीएस मोड चालू आहे का बघा, साध्या मोडमध्ये बदल व्हायला लागणारा वेळ डॉकला जास्त होतो.

तर तुम्ही असं करा. आधी टास्क मॅनेजरमध्ये 'स्लॉट्स यूज्ड' बघा. एक खाच रिकामी दिसली तर १६ जीबीची डीडीआर४ ३२०० पट्टी घ्या. तुमच्या जुन्या लॅपटॉपमध्ये ती चालायला हवी, तरी पैसे देण्याआधी मॉडेलच्या तक्त्यातली कमाल मर्यादा वाचून घ्या. पुढे लॅटिट्यूड ५४३० किंवा टी१४ जेन ३ घेतलात तर हीच पट्टी तिथेही बसते, कारण ते दोघेही डीडीआर४ वरच आहेत. एलिटबुक ८४० जी९ डीडीआर५ वर आहे, त्यात बसणार नाही. दुसऱ्या मॉनिटरसाठी तोवर एखादा साधा डिस्प्लेलिंक अ‍ॅडॉप्टर, जमलं तर ओळखीच्याकडून उसना. एवढ्यावर महिनाभर काम करून बघा. कमिटेडचा आकडा आणि बिल्डला लागणारा वेळ वहीत लिहून ठेवा. बिल्ड अजून रेंगाळत असेल आणि फोर-केचा विचार पक्का असेल, तर वरच्या तिघांपैकी एक घ्या.

नवा आला म्हणून जुना विकू नका, त्याला फार किंमत येणार नाही. त्यावर उबंटू टाका, नेटवर्कची तार लावा आणि डेटाबेस, मेसेज क्यू यांचे कंटेनर तिकडे हलवा. डॉकरमध्ये कॉन्टेक्स्ट (कुठल्या यंत्रावरचा डॉकर वापरायचा ती निवड) बदलून एसएसएच या सुरक्षित जोडणीने ते नव्या लॅपटॉपवरून हाताळता येतात, आणि नव्याची मेमरी एडिटर आणि एम्युलेटरला मोकळी राहते. फक्त तो चोवीस तास चार्जिंगला राहणार, तेव्हा बायोसमध्ये सोय असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा. मधूनमधून टेबलावर सपाट ठेवून बघा. टचपॅड वर उचललेला किंवा तळ फुगलेला दिसला तर त्याच दिवशी बॅटरी काढून घ्या.